दोन्ही कान नॉर्मल

आनंदा,

परवा तुझ्या सुनावणीची तारीख आली. तुझं बारावं होऊन चार दिवस झाले होते. शालनवहिनी ते जाड पाकीट पदराखाली धरून घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवलं. फोडलेलं नव्हतं. "फौजंचं पाकीट आलं की डाक्टरला दाखवल्याबिगार फोडायचं न्हाय, असं ह्येनी सांगून ठेवलंय," म्हणाल्या. मी फोडलं. ट्रायब्युनलची, म्हणजे फौजेच्या कोर्टाची नोटीस होती. अर्जदाराने सर्व पुराव्यांसह हजर राहावे, असं इंग्रजीत लिहिलंय. अर्जदार म्हणजे तू. इतकी वर्षं आपण दोघांनी ज्या तारखेची वाट पाहिली ती आली आणि तू नाहीस. मला आधी राग आला तो तुझाच. एवढं थांबलास, आणखी दीड महिना थांबायला काय झालं होतं तुला?

मग माझा आला. तो अजून आहे, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलोय. तू जिवंत असताना जे तुझ्या तोंडावर बोललो नाही ते आता कागदावर बोलायचं हा शुद्ध भित्रेपणा आहे, हे मला कळतं. तू असतास तर म्हणाला असतास, "डाक्टर, लई लांबड लावतोस. मुद्द्याचं बोल की." मुद्द्याचंच बोलतो.

तू मला डॉक्टर म्हणायचास म्हणून अख्खं गाव मला डॉक्टर म्हणतं. मी कसला डॉक्टर! पलटणीच्या दवाखान्यात गोळ्या देणारा, पट्ट्या बांधणारा नर्सिंग असिस्टंट. तू त्याच पलटणीत मॉर्टर तोफेवर. दोघं एकाच गावचे, निपाणीहून सायकलनं जाण्याइतक्या अंतरावरचे, पण खरी ओळख झाली ती तिकडं वाळवंटात. माझी तिथं बदली झाली आणि पहिल्याच आठवड्यात तू दवाखान्याच्या दारात उभा. "निपाणीकडचा कोन आलाय म्हणं?" हातात घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. फौजेत गाववाला भेटणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. भावाला एक वेळ नाही म्हणता येतं, गाववाल्याला येत नाही. तो डबा आपण तीन दिवसांत संपवला.

त्या वर्षी फायरिंग रेंजवर तुमचं मॉर्टर सलग चाललं होतं. कानात घालायला दिलेला कापूस तू काढून फेकला होतास. कापूस घातला की हुकूम ऐकू येत नाही आणि हुकूम चुकला की शेजारचा मरतो, असं तुझं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तू माझ्याकडं आलास तेव्हा उजव्या कानाच्या पाळीखाली रक्त सुकलं होतं. "कानात रातकिडं वरडाय लागल्यात, डाक्टर." मी बॅटरी मारून पाहिलं. पडदा फाटला होता. आता नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये नोंद करायची, दवाखान्याच्या साहेबांना दाखवायचं, इस्पितळात धाडायचं. मी पेन उचललं आणि तू माझं मनगट धरलंस.

"घालू नको त्यात. कॅटेगरी लागंल."

फौजेत हा शब्द कुणालाच नको असतो. तब्येतीत खोट निघाली की जवानाला खालची कॅटेगरी लागते, आणि कॅटेगरी लागली की बढती अडते. तुझं नाव हवालदाराच्या यादीत चढायचं होतं. बापाचं कूळकायद्यातलं रान भाऊबंदांनी दाबलेलं, पोरगी पाळण्यात. "गाववाला हाईस न्हवं?" म्हणालास. मी पेन खिशाला लावलं. तुझ्या कानात औषधाचे थेंब घातले, कापूस लावला आणि घरचं काहीबाही बोलत बसलो.

इथवर चूक तुझी म्हणता येईल. पुढची माझी आहे.

वार्षिक तपासणीत कान कसे तपासतात ते आपल्या दोघांना ठाऊक, पण मला ते लिहायचंच आहे. जवानानं पाठमोरं उभं राहायचं. वीस फुटांवरून साहेब कुजबुजत्या आवाजात एकेक आकडा बोलतात, तो जवानानं मोठ्यानं परत म्हणायचा. एका कानाची तपासणी चालू असताना दुसरा कान कुणीतरी बोटानं दाबून धरायचा. ते बोट माझं. अख्ख्या पलटणीचे कान मी दाबले आहेत, त्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती. आपल्या साहेबांचे आकडे ठरलेले होते, पाचच. माणूस कुणीही असो, तेच पाच आकडे उलटसुलट यायचे. मी तुला ते आदल्या दिवशी पाठ करून घेतले. पहिल्या आकड्याला बोट एकदा दाबायचं, दुसऱ्याला दोनदा, असं पाचापर्यंत. साहेब तिकडून कुजबुजले, मी दाबलं, आणि तू छाती काढून खणखणीत आवाजात बोललास. एकही चुकला नाही. साहेब म्हणाले, "शाबाश." मी माझ्या हातानं रकान्यात लिहिलं, दोन्ही कान नॉर्मल, आणि साहेबांनी खाली सही केली.

असं आपण तीन वर्षं केलं. दुसऱ्या वर्षापासून तुझा डावा कानही उतरायला लागला होता, तरी केलं. बाहेर आलो की तू पोटभर हसायचास आणि मीही हसायचो. तू हवालदार झालास तेव्हा पेढे वाटलेस, मी दोन खाल्ले. मला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं हे कबूल करतो. गाववाल्याला उपयोगी पडलो म्हणून उलट माझी कॉलर ताठ होती.

पुढं तुझी बदली झाली, नव्या भरतीच्या पोरांना शिकवायच्या कामावर, जिथं तोफगोळा नाही की काही नाही. तिथं मागच्या वर्षीचं पाहून यंदाचं लिहायची पद्धत होती, म्हणून निभावलं. निवृत्तीच्या वेळी मात्र इस्पितळात मशीन लावलं. मशीनला काही पाठ करून घेता येत नाही. दोन्ही कान गेले आहेत असं मेडिकल बोर्डानं लिहिलं आणि खाली ते वाक्य लिहिलं, जे पुढं तुझ्या उरावर बसलं. हा दोष लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण काय? मॉर्टरवर असतानाच्या तिन्ही वर्षी दोन्ही कान नॉर्मल असल्याची नोंद आहे. दोष शांततेच्या ठिकाणी असताना आढळला, सबब तो वयाचा व प्रकृतीचा समजावा. मी लिहिलेल्या तीन ओळींवर त्यांनी तुला अपंगत्वाच्या पेन्शनीत नापास केलं, आनंदा. अक्षर ओळखीचं होतं म्हणून मी सोबत जोडलेली त्या नोंदींची प्रत पुन्हा पुन्हा वाचत होतो.

आणि तू अपील लिहून घ्यायला कुणाकडं आलास? माझ्याकडंच.

दुसरं कुणाकडं जाणार म्हणा. दर रविवारी समाजमंदिरात टेबल टाकून मी माजी सैनिकांचे कागद बघतो. गुडघे गेलेले, साखर झालेले, डोक्याचं बिनसलेले, हिमदंशानं बोटं गेलेले. चिकोडी, संकेश्वर, पार कडोलीकडूनसुद्धा लोक येतात. डॉक्टरच्या हातचं अपील पास होतं असा बोलबाला आहे, आणि मला तो आवडतो, खोटं कशाला सांगू. तुझं मी दोनदा लिहिलं. फायरिंग रेंज लिहिली, कापूस लिहिला, रक्त लिहिलं. फक्त ते रक्त बघून पेन खिशाला कुणी लावलं ते लिहिलं नाही. दोन्ही वेळा उत्तर आलं, नोंदींशी विसंगत.

गावात लोक बोलायला लागले. पेन्शन वाढवून घ्यायला आनंदा बहिऱ्याचं सोंग करतोय, म्हणे. तू चेष्टा करून सोडून द्यायचास. आठवतं, आपण बेळगावला ऑफिसात गेलो होतो? खिडकीतल्या बाईंनी कानडीत काहीतरी लांबलचक विचारलं आणि तू प्रत्येक वाक्याला "हौदु, हौदु" म्हणत मान डोलावलीस. त्या विचारत होत्या, अर्ज मागं घेताय का? मी मधे पडलो म्हणून वाचलास. बाहेर आल्यावर मी वैतागून विचारलं, "लेका, तुला कानडीत ऐकू येत नाही का मराठीत?" तू म्हणालास, "दोन्हीत न्हाय. माझ्यापुरता सीमाप्रश्न मिटला बघ." ऑफिसच्या पायरीवर बसून आपण इतके हसलो की पहारेकऱ्यानं उठवलं. त्या हसण्यामुळं मला वाटायचं, याचं काही एवढं बिघडलेलं नाही.

बिघडलं होतं. मला माहीत आहे की तू लग्नकार्याला जाणं बंद केलंस. माहीत आहे की पोरीनं फोनवर रडत काहीतरी सांगितलं आणि तू "बरं बरं, मजेत राव्हा" म्हणालास, आणि मग तिनं आईला वेगळा फोन करून सांगितलं की आप्पांना आता फोन देत जाऊ नकोस. हे तू मला स्वतः सांगितलंस. तेवढं सांगताना हसला नाहीस. मला पैका नको, म्हणालास, नुसतं एका कागदावर लिहून पाहिजे की हे फौजेत झालं. पोरीला दाखवतो, गावाला दाखवतो, मग मरायला मोकळा.

आपलं भांडण निपाणीत झालं. दुसरं अपील फेटाळल्यावर ट्रायब्युनलमध्ये अर्ज करायला आपण चौगुले वकिलांकडं गेलो. मऊ बोलणारा माणूस, तुझ्यासाठी प्रश्न कागदावर लिहून पुढं सरकवत होता. शेवटी त्यांनी लिहिलं, नोकरीत असताना कुणाला दाखवलं होतं का? तू कागद वाचलास आणि माझ्याकडं बघितलंस. मी वकिलांना म्हणालो, "नाही. दुखणं अंगावर काढलं त्यानं." तू माझ्या ओठांकडं बघत होतास. तुला कळलं मी काय बोललो ते.

स्टँडवर आलो. मग चहा हातात घेऊन म्हणालास, "डाक्टर, सांगून टाकूया की."

"उलटंल तुझ्यावर. फसवणूक म्हणतील. आहे ती पेन्शनबी जाईल."

"माझ्यावर उलटंल, का तुझ्यावर?"

मी भडकलो. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो. तुझ्यासाठी नोकरी धोक्यात घातली, तुझ्यासाठी रविवारचे रविवार घालवले, आणि तू माझ्यावर उलटतोस? तुझ्यासारखा कृतघ्न माणूस बघितला नाही. लोक वळून बघत होते. यातलं तुला किती ऐकू आलं मला माहीत नाही. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "बरं, ऱ्हाऊंदे. गाडी आली."

तुझ्यावर उलटेल हे मी बोललो ते कायदा बघून बोललो नव्हतो. एवढ्या जुन्या गोष्टीत तुझी पेन्शन जाणं अवघड आहे, माझीही, हे मला तेव्हाही बऱ्यापैकी माहीत होतं. मी भ्यालो होतो ते रविवारच्या टेबलाला. ज्याच्या हातचे कागद पास होतात त्यानंच खोटी नोंद केली, हे कळलं असतं तर माझ्यासमोर कोण बसलं असतं? एवढ्यासाठी, आनंदा. याहून मोठं काही कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तू तो विषय एकदाही काढला नाहीस. मला याचाच त्रास जास्त होतो. शिव्या घातल्या असत्यास, टेबल उलथवलं असतंस तर मी मोकळा झालो असतो. त्याऐवजी पुढच्याच रविवारी नेहमीसारखं माझ्याआधी येऊन टेबल पुसून ठेवलंस. दुसऱ्यांच्या कागदांना टाचण्या लावून द्यायचास, डिस्चार्ज बुकं वर, मेडिकलचे कागद खाली, तुझ्या शिस्तीत. कुणाचं मंजूर झाल्याचं पत्र आलं की सगळ्यात आधी टाळ्या तू वाजवायचास. असला मित्र मिळायला मी काय केलं होतं मला माहीत नाही. काय केलं नव्हतं ते माहीत आहे.

तू कसा गेलास ते गावाला माहीत आहे. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर कर्णा लावून गाणी चाललेली. वाडीपर्यंत ऐकू येत होती म्हणे. वळणावर ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला होता आणि तू पाठमोरा चालत होतास. तो पोरगा पोलिसांसमोर रडून सांगत होता, "लई वाजवला हो, बाजूलाच झालं न्हाईत." सरकारी दवाखान्यात तुला ओळखायला मला आत बोलावलं, डॉक्टर म्हणून. तुझं कानाचं मशीन शर्टाच्या खिशात होतं, रुमालात गुंडाळलेलं. शिट्ट्या मारतंय म्हणून तू ते घालायचा नाहीस आणि मीही कधी नीट बसवून दिलं नाही. मी ते बाहेर येऊन वहिनींच्या हातात दिलं.

तर परवा ते पाकीट फोडल्यावर मी वहिनींना सांगितलं की आता अर्जदार म्हणून तुमचं नाव लावावं लागेल. त्या म्हणाल्या, "कशाला आता? माणूस गेलं. तुमीबी लई केलंसा, भावजी. बास झालं." लई केलंसा हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी तिथंच सगळं सांगितलं. रेंज, रक्त, मनगट, पाच आकडे, बोट, स्टँडवरचं भांडण. घरात तुझी पोरगी पण होती, तीही येऊन दाराला उभी राहिली. तू त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतंस, हे मला तेव्हा कळलं. माझं नाव झाकायला तू स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतंस.

मला वाटलं आता वहिनी मला बोलतील, मी तयारीत होतो.

"म्हंजे ते खरं बोलत हुते," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"दुसरं पत्र आलं, त्या रविवारी मी त्येंच्यावर वरडले हुते, भावजी. म्हनलं, सरकारबी सांगतंय तुमचं खोटं हाय म्हणून, आता तरी पुरं करा. ते माझ्या तोंडाकडं बघत हुते. उठून समाजमंदिरात गेलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमच्याकडं आलं हुते न्हवं, त्या दिवशी?"

आला होतास. मला तो रविवार आठवतो. टाचण्या संपल्या म्हणून कुरकुरत होतास.

पोरगी मला म्हणाली, "काका, तुम्ही आता जा." मी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतः दारात आल्या, लुगडं बदलून, पायांत चपला घालून. "चला निपाणीला," एवढंच म्हणाल्या. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. चौगुले वकिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, यानं निकाल लागेलच असं नाही. तुमच्यावर चौकशी लागू शकते, किंवा कुणी विचारणारही नाही. मी म्हटलं, लिहा. त्यांच्या मुलीनं कॉम्प्युटरवर प्रतिज्ञापत्र केलं, एक पान भरलं. खालच्या मजल्यावर नोटरी बसतात. त्यांनी आधार कार्ड बघितलं, मला मोठ्यानं वाचायला लावलं, सही घेतली, शिक्का मारला. त्या तीन वर्षांच्या नोंदी मी केल्या आणि त्या खोट्या आहेत, असं माझ्या नावानिशी आता कागदावर आहे.

वहिनी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. दिवसभर लागेल म्हणून त्यांनी भाकरी बांधून आणली होती. मी कागद घेऊन बाहेर आलो तशा त्या उठल्या. आधी कागदाकडं बघितलं, मग समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग माझ्याकडं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "एवढंच हुतं व्हय, भावजी?"

एवढंच होतं, आनंदा. अर्धा तास लागला.